सध्या कोणता गेम खेळताय, आणि तोच का?

प्रश्न

गेला दीड महिना मी एकच गेम खेळतेय, आणि तोही एकटीने नाही. गेम आहे 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' आणि सोबतीला आहेत बाबा. वय एकाहत्तर. त्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर हातात घेतला नव्हता, अजूनही घेत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय लांब करून बसायला सांगितलं, आणि मी संध्याकाळी ज्या खोलीत खेळते तिथेच त्यांची आरामखुर्ची आली. पहिले दोन दिवस ते पेपर वाचत होते. तिसऱ्या दिवशी पेपर खाली ठेवून म्हणाले, "हा माणूस कशाने मेला ते तू नीट पाहिलंच नाहीस."

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल १८०७. पाच वर्षांपूर्वी बेपत्ता झालेलं एक व्यापारी जहाज बंदरात परत येतं, पण त्यावर जिवंत माणूस एकही नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीने पाठवलेले विम्याचे तपासनीस. हातात एक घड्याळ आणि एक वही. प्रेतापाशी जाऊन घड्याळ उघडलं की आधी काळोखात शेवटच्या काही क्षणांचे आवाज येतात, मग मरणाचा तो क्षण जिथल्या तिथे थिजलेला दिसतो आणि त्यात आपल्याला हिंडता येतं. एकूण साठ माणसं. कोण, कसा गेला, कोणाच्या हातून, एवढं वहीत भरायचं. २०१८ सालचा गेम, आणि जवळजवळ सगळा लुकस पोप या एका माणसाने केलेला. रंग दोनच. जुन्या मॅकिंटॉश कम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचं तसं ठिपक्याठिपक्यांचं चित्र.

बाबा चौतीस वर्षं ऑडिटमध्ये होते. गेममधल्या वहीत 'पुरावा' असा रकाना नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी खटकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची वही आखली: चेहरा, नाव, हुद्दा, मृत्यूचं कारण, पुरावा. कंट्रोलर माझ्याकडे, वही त्यांच्याकडे. "थांब. मागे ये. त्या खलाशाचा डावा हात बघू." आवाज सुरू झाले की ते डोळे मिटून घेतात. कोणी कोणाला काय म्हणून हाक मारली, बोलण्याची ढब कुठली, हे त्यांना माझ्याआधी कळतं. मी पडद्याकडे बघत असते म्हणून बहुधा मला ऐकू येत नाही.

(खेळायचा असेल तर हा एक परिच्छेद गाळा.) खालच्या डेकवर खलाशांच्या झोळ्या टांगलेल्या आहेत. मी त्या देखाव्यातून चार वेळा गेले होते, बघत होते ती मेलेल्या माणसाकडे. बाबा म्हणाले, "झोळीवर आकडा आहे. जरा जवळ जा." गेलो, आणि खरंच प्रत्येक झोळीला क्रमांकाचा बिल्ला. वहीतल्या नावांच्या यादीतही प्रत्येकापुढे क्रमांक. ती यादी आम्ही रोज उघडत होतो आणि तो आकडा नुसता अनुक्रमांक आहे असं धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी बाबा साडेअकरापर्यंत जागे होते.

आमचं एकदा वाजलंही. हा गेम उत्तरं एकेक तपासत नाही. तीन जण बरोबर झाले की तिघांची उत्तरं एकदम पक्की करतो, आणि वहीतलं हस्ताक्षर छापील अक्षरांत बदलतं. एका रात्री बाबा झोपल्यावर मी दोन खात्रीचे भरले आणि तिसऱ्यापुढे एकेक नाव लावत गेले. चौथ्या नावाला तिघे छापले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "याचा पुरावा?" माझ्याकडे नव्हता. त्यांनी त्या नावापुढे लाल शाईने 'आक्षेप' लिहिलं. मला राग आला, कारण उत्तर बरोबर होतं! पण पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही नवीन काहीही न करता फक्त त्या एका माणसाचं कारण शोधलं. ते सापडलं तेव्हा जो आनंद झाला तो उत्तर छापलं गेलं तेव्हा अजिबात झाला नव्हता, हे मी मान्य केलं.

याआधी मी काय खेळत होते हे आठवायला गेले तर मोठे नकाशे आठवतात, त्यावर शेकडो खुणा, आणि एकेक खूण पुसत घालवलेल्या रात्री. ऐंशी-नव्वद तास घातलेल्या गेममधल्या एका माणसाचं नाव मला सांगता येणार नाही. ओब्रा डिनमधली एक्कावन्न नावं चेहऱ्यासकट पाठ आहेत. एक्कावन्न, कारण तिथेच आम्ही आठवडाभर अडकलोय.

तर दोन गोष्टी. एक, तुम्ही सध्या काय खेळताय, आणि तोच का? किती भारी आहे ते नको, तुमचं कारण सांगा. दोन, हा संपला की आम्ही दोघांनी काय खेळावं? अट एवढीच की वेगवान बोटं लागू नयेत आणि बघणाऱ्यालाही काम असावं.


प्रतिसाद १

आधी तुमच्या नऊ जणांबद्दल. नाव एकही सांगत नाही. झोळ्यांच्या देखाव्यात पुन्हा जा. आकडे झाले, आता पाय बघा.

मी सध्या 'आउटर वाइल्ड्स' खेळतोय. माझी रात्रपाळी असते, सकाळी घरी आल्यावर झोप लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास हातात असतो. या गेममध्ये दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी आभाळाकडे बघत जागे होतो. एक फेरी, फार तर दोन, मग झोप. माझ्या वेळेत बसतो म्हणून सुरू केला. सोडवत नाही तो वेगळ्या कारणासाठी.

यात मिळवायचं काही नाही. शस्त्र नाही, पैसे नाहीत, लेव्हल नाही. यान पहिल्या मिनिटाला जसं असतं तसंच शेवटपर्यंत. एका फेरीतून पुढच्या फेरीत जातं ते फक्त आपल्याला कळलेलं, आणि यानातल्या नोंदवहीत त्याची टिपणं. शेवट कसा गाठायचा हे माहीत असतं तर पहिल्या दिवशीसुद्धा गाठता आला असता. अडवतं ते आपलं न कळणं, दुसरं काही नाही.

एक ग्रह आतून पोकळ आहे आणि त्याच्या पोटात कृष्णविवर. जमीन तुकड्यातुकड्याने आत कोसळत असते. माझा पाय घसरला, आत पडलो, आणि म्हटलं संपलं. तर सूर्यमालेच्या पार दुसऱ्या टोकाला बाहेर फेकला गेलो. समोर एक ओसाड स्थानक तरंगत होतं आणि आजूबाजूला त्याच ग्रहाचे पडलेले तुकडे. म्हणजे आत पडलेलं काही नाहीसं होत नाही, इथे येतं! हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पडलो म्हणून कळलं. दुसरीकडे दोन जुळे ग्रह आहेत, एकावरची वाळू सतत दुसऱ्यावर ओतली जाते. इकडच्या गुहा बुजत जातात, तिकडचे मनोरे उघडे पडतात. कितव्या मिनिटाला काय उघडं असतं याची नोंद ठेवणारा माणूस शेजारी असेल तर सोनंच.

आणि एक काम विसरू नका. यानात बसून सिग्नलस्कोप, म्हणजे लांबचे आवाज पकडणारी दुर्बीण, आभाळात फिरवा. वेगवेगळ्या ग्रहांवर तुमचेच सोबती एकेकटे बसलेत. एक बॅन्जो वाजवतो, एक ढोल, एक बासरी, एक माऊथ ऑर्गन, एक नुसती शीळ घालतो. जवळ असताना एकेकच ऐकू येतो. पुरेसं लांब जाऊन दुर्बीण योग्य दिशेला धरली की पाचही जण एकच गाणं वाजवत असल्याचं कळतं. मी ती फेरी सूर्य फुटेपर्यंत तसाच बसून होतो.

अलेक्स बीचम यांनी हा गेम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रबंधासाठी सुरू केला, पूर्ण रूपात तो २०१९ साली आला. यान उतरवायला सुरुवातीला त्रास होतो, पण यान तुम्ही चालवाल. बाबांना नोंदवही द्या.


प्रतिसाद २

मी 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम, आणि तोही चौथ्यांदा. पण पहिल्या तीन वेळा एकटी होते, यावेळी भाची आहे. ती बारा वर्षांची. वर्षभरापूर्वी ते लोक दुसऱ्या देशात गेले. फोनवर "कशी आहेस?" "बरी आहे" याच्या पुढे गाडी जात नव्हती. मग आम्ही एक शेत काढलं. तिचं खोपटं वेगळं, माझं घर वेगळं, शेत एक. शनिवारी दोन तास.

आता ती बोलते. खरं तर थांबतच नाही. शाळेतल्या मुलीशी झालेलं भांडण मला कळलं ते आम्ही दोघी खाणीत दगड फोडत असताना. हात कामात असले आणि समोरचा आपल्याकडे रोखून बघत नसला की बोलणं सोपं जातं, हे मला आधी समजायला हवं होतं.

गेममधला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनपर्यंत घरी पोचलो नाही तर आपण जिथे असू तिथेच कोसळतो. असा दिवस म्हणजे आपली साधारण चौदा मिनिटं. एकटीने खेळताना पिशवी उघडली की घड्याळ थांबतं. दोघी असलो की थांबत नाही, त्यामुळे "अगं, किती वाजले बघ" हे सतत चालू. आणि दोघीही पलंगावर गेल्याशिवाय दिवस संपत नाही. एक जण झोपली तर दुसरीची वाट बघत राहते. मागच्या शनिवारी ती रात्री एक वाजता नदीवर मासे धरत होती आणि मी पलंगावर पडून होते. माझ्या पडद्यावर फक्त अंधारी खोली. दहा मिनिटांसारखी वाटली ती वाट, खरी अर्ध्या मिनिटाची असेल. ती धावत आली, दार उघडल्याचा आवाज झाला आणि म्हणाली, "मावशी, आले गं, झोप आता."

हा गेम एरिक बरोन या एकट्याने चार वर्षांहून जास्त खपून केला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचंच. आला २०१६ साली, आणि तो अजूनही त्यात भर घालतो, २०२४ मध्ये मोठी भर पडली. तुमच्या बाबांच्या अटीत बसेल असं नाही, कारण हा दोघांनी खेळायचा, एकाने बघायचा नाही. पण हिशेबाची आवड असेल तर कोणतं पीक किती दिवसांत येतं, अठ्ठावीस दिवसांच्या ऋतूत त्याची किती काढणी होते, हे सगळं त्यांना कागदावर मांडता येईल.


प्रतिसाद ३

"वेगवान बोटं लागू नयेत" हे वाचून लिहायला बसलो.

माझ्या उजव्या मनगटाची नस दबली. चार महिने काही खेळलो नाही, आणि नंतरही जे खेळू शकत होतो ते मनात नव्हतं. मला उड्याच मारायच्या होत्या. 'सेलेस्ट' हा २०१८ सालचा गेम मी तेव्हा अर्ध्यात सोडला होता. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, एवढीच गोष्ट. उडी, पकड, आणि हवेतल्या हवेत एक झेप. गेम फार अवघड आहे, प्रत्येक खोलीत वीस-पंचवीस वेळा मरणं नेहमीचं.

त्यात असिस्ट मोड आहे. गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी उतरवता येतो, अगदी निम्म्यापर्यंत. दम न संपण्याची सोय आहे, जादा झेपा आहेत, हवं तर मरणच नाही. मी फक्त वेग घेतला. सत्तर टक्क्यांवर सुरुवात केली. आता नव्वदवर आहे, आणि मनगट बरं होत चाललंय हे मला डॉक्टरांआधी या आकड्यावरून कळलं.

वेग कमी केला की एक गोष्ट दिसते जी पूर्ण वेगात दिसत नाही. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं तरी टेकताच उडी मारली जाते. डोकं कोपऱ्याला घासलं तर गेम आपल्याला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. म्हणजे बाहेरून निष्ठुर दिसणारा हा गेम आतून सतत आपल्याला सांभाळून घेत असतो. बनवणाऱ्यांनी हे सगळं मुद्दाम ठेवलंय. सुरुवातीलाच एक पोस्टकार्ड येतं, की किती वेळा मेलात याचा अभिमान बाळगा, तेवढं तुम्ही शिकताय. मी तीन हजारांच्या पुढे आहे.

मॅडलिनला रोपवेच्या पाळण्यात अडकल्यावर धाप लागते, आणि सोबतचा मुलगा तिला सांगतो की समोर एक पीस आहे अशी कल्पना कर आणि श्वासाने ते तरंगत ठेव. बटण धरायचं, सोडायचं. त्या ठिकाणी वेग किती आहे याचा काहीच संबंध नसतो. मी ते पीस फिजिओथेरपीच्या टेबलावर पडल्यापडल्या वापरलंय.

तेव्हा तुमच्या बाबांसाठी अट ठेवा, पण स्वतःसाठी कायमची ठेवू नका एवढंच म्हणतो.


प्रतिसाद ४

टेट्रिस. पस्तीस वर्षं झाली, दुसरं काही खेळलो नाही. १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव यांनी मॉस्कोत केला, १९८९ मध्ये गेमबॉयसोबत आला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिला. कारण असं की दिवसभर लोक माझ्याकडे न सुटणाऱ्या गोष्टी घेऊन येतात. इथे ओळ भरली की जाते.

हल्लीच्या टेट्रिसमध्ये सातही तुकडे पिशवीत घालून एकेक काढल्यासारखे येतात, पिशवी रिकामी झाली की पुन्हा सात. त्यामुळे लांब दांडी कितीही उशीर झाला तरी येतेच, मध्ये फार तर बारा तुकडे जातात. पूर्वी असं नव्हतं, दांडीची वाट बघत डाव जायचा.

आणि तुमच्या भांडणाबद्दल. उरलेल्यांतून एकेकाला वगळत जाणं हाही पुरावाच आहे. तुम्ही फार चुकला नव्हतात.


प्रतिसाद ५

दोघांसाठी, वेग नको, बघणाऱ्याला काम हवं. 'अनपॅकिंग', २०२१ चा. एका मुलीचं सामान खोक्यांतून काढून नव्या घरात लावायचं, आठ वेळा. पहिलं घर १९९७ मधली तिची लहानपणीची खोली, शेवटचं २०१८ चं. ती स्वतः कधीच दिसत नाही, कोणी बोलत नाही. तिच्याबद्दल जे कळतं ते वस्तूंवरून.

२०१० मध्ये ती जोडीदाराकडे राहायला जाते. त्याचं घर आधीच भरलेलं. त्याच्या वस्तू सरकवून तिच्यासाठी जागा करायची. खोक्यातून तिच्या पदवीचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र निघतं. मी ते भिंतीवर लावून पाहिलं, कपाटावर उभं केलं, टेबलावर ठेवलं. प्रत्येक वेळी लाल कड, म्हणजे इथे नाही. अर्ध्या तासाने ते पलंगाखाली सरकवलं आणि लाल कड गेली. मला त्या घराबद्दल सगळं कळलं. पुढचं साल २०१२, आणि तिचं सामान पुन्हा लहानपणच्या खोलीत.

मी का खेळले, तर नुकतंच घर बदललं होतं आणि खऱ्या खोक्यांना हात लावायचा धीर होत नव्हता.


प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण आम्ही पाय बघत होतो.

प्रतिसाद १ मधली ओळ मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी "सांगू नको, सांगू नको" म्हणून हात वर केला, पण तोपर्यंत वाचून झालं होतं. मग झोळ्यांपाशी गेलो. काही झोळ्यांबाहेर पावलं आलेली आहेत. कोणाच्या पायात काय आहे हे बाबांनी चक्क चित्रं काढून वहीत घेतलं. मग उलटा प्रवास: डोलकाठीवर, दोरांमध्ये, वादळात, जिथे जिथे ते खलाशी दिसतात त्या प्रत्येक देखाव्यात जाऊन मी कॅमेरा जमिनीलगत आणायचा आणि ते वहीशी ताडून पाहायचे. चेहऱ्याकडे बघायचंच नाही. तिसऱ्या संध्याकाळी एक जोडी जुळली, मग दुसरी, आणि तिसरा माणूस आपोआप उरला. मी तिन्ही नावं भरली आणि हस्ताक्षर छापील झालं. चोपन्न.

प्रतिसाद ४, तुमचं म्हणणं मी त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, "वगळणं चालेल, पण प्रत्येकाला का वगळलं ते लिहायला हवं." म्हणून त्या तिसऱ्यासाठी मी सात ओळी लिहिल्या. आक्षेप नाही.

मनगटवाल्या दादांना एवढंच: अट बाबांपुरतीच आहे. सेलेस्ट मी घेतलाय, रात्री एकटी खेळते, वेग न उतरवता. पहिल्याच प्रकरणात दोनशेच्या आसपास मेले. कड्याच्या टोकावरची ती सवलत तुम्ही सांगितल्यामुळे आता जाणवते. आणि भाचीच्या मावशींना, तुमचं ते "आले गं, झोप आता" मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं.

पुढच्याचं म्हणाल तर मी आउटर वाइल्ड्स धरून बसले होते. बाबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलीचं प्रमाणपत्र पुढच्या घरात कुठे लावता येतं?" मी म्हटलं माहीत नाही. तर आधी अनपॅकिंग, मग सूर्यमाला.

पण तेही ओब्रा डिन संपल्यावर. सहा उरलेत. गुडघा आता बरा आहे, ते घरभर हिंडतात, आरामखुर्चीची गरज उरलेली नाही. मी ती हलवायला घेतली तर म्हणाले, राहू दे, तिथून पडदा नीट दिसतो. वही उघडून बसलेत आणि हाक मारतायत. एका कारभाऱ्याच्या टोपीबद्दल काहीतरी आहे.